मशीनची उत्तरपूजा

आमच्या घरी टाइपरायटर येईपर्यंत मशीन म्हणजे शिवणाचं मशीन. टाइपरायटर आला आणि ते नाव त्यानं घेतलं. शिवणाच्या मशीनला आई नुसतं 'शिवणाचं' म्हणू लागली. शिवणाचं खिडकीतून कोपऱ्यात गेलं, त्याच्यावरचं क्रोशाचं झाकण उतरून टाइपरायटरवर चढलं, आणि ज्या खिडकीत बसून आई उशांचे अभ्रे शिवायची तिथं कमलआत्या पाठ ताठ करून बसू लागली. आईची यावर काही तक्रार नव्हती. उजेड वाचणाऱ्याला लागतो, अभ्रे अंधारातही शिवता येतात, असं ती म्हणाली. आमच्या घरातल्या उशा त्या वर्षी जरा वाकड्या होत्या, पण झोप लागायला त्यानं काही अडत नव्हतं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते मशीन कँटोनमेंटातल्या एका लिलावात घेतलं. एक गोरी म्हातारी सामानसुमान विकून मायदेशी चालली होती. तिचा पियानोही विकायला होता. अण्णा सरकारी कारखान्यात तपासनीस होते. लेथवरून उतरलेला भाग मापात आहे की नाही ते बघून त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. घरी आल्यावरही ती सवय सुटत नसे. त्यांनी पियानोला टेप लावली, मनातल्या मनात आमच्या मल्लेश्वरमच्या घराच्या दाराला टेप लावली, आणि पियानो सोडून दिला. पियानो घ्यायचा प्रश्न आमच्या घरात कुठल्याच बाजूनं उद्भवत नव्हता, पण नकार मापावर गेला याचं त्यांना समाधान वाटलं असावं. मशीन जटक्यातून घरी आलं. घोड्याला ते फारसं जड वाटलेलं दिसलं नाही, पण आत आणून ठेवणाऱ्या जटकेवाल्याला वाटलं आणि त्यानं तसं कन्नडमध्ये बोलून दाखवलं.

मशीन आणलं ते कमलआत्यासाठी. ही अण्णांची धाकटी बहीण. लग्न होऊन निपाणीला गेली आणि थोड्याच वर्षांत तिचे यजमान वारले. ती दिरांच्या घरी राहिली, टायफॉइड झाला तेव्हा अण्णा तिला हवापालटासाठी बंगळूरला घेऊन आले, आणि हवा मानवली म्हणून ती राहिली. दीर वाईट माणूस नव्हते. कादंबऱ्यांमधले दीर वाचले की मला त्यांची कीव येते. त्यांची तंबाखूची वखार होती, घरात रोज माणसांच्या पंगती उठत, आणि त्यांच्या पत्नीचे गुडघे धरले होते. घरची सून परगावी बसून आहे आणि इथं स्वयंपाकाला माणूस नाही, हे त्यांना विचित्र वाटे. ते अण्णांना भेटायला आले, उत्तम गूळ घेऊन आले, आणि अतिशय गोडीनं म्हणाले, "अण्णासाहेब, कमलला न्यायला आलोय." आत्या दाराआड उभी होती. मी तिच्या शेजारी होते, म्हणून मला माहीत आहे की तिनं दाराची कडी घट्ट धरली होती. अण्णा म्हणाले, "तिला टायपिंगची परीक्षा देऊ दे. पास झाली तर इथल्या संशोधनसंस्थेत टायपिस्टची जागा आहे, त्यांनी तसं सांगितलंय. नाही झाली तर संक्रांतीला मी स्वतः तिला सन्मानानं आणून सोडतो." अण्णांनी दिलेला शब्द म्हणजे मारलेला शिक्का. तो पुन्हा खोडता येत नसे, आणि हे आत्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

मग आमच्या घराचा आवाज बदलला. सकाळी आत्या मूर्तीमास्तरांच्या टायपिंगच्या क्लासला जायची. तिथं एक तास मिळायचा. मास्तर टेबलावर पट्टी आपटून ताल धरायचे आणि सगळा वर्ग त्या तालावर कुटत बसायचा. दुपारभर घरी. टकटक, टकटक, मग घंटी, मग कागदाचा गाडा ओढल्याची खर्र. आईला स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून कळायचं की वन्सं आज घाईत आहेत की रुसलेल्या आहेत. (नणंदेला वन्सं म्हणण्याची आईची पद्धत शेवटपर्यंत सुटली नाही, नणंद वयानं लहान असूनही.) थंडीच्या दिवसांत बंगळुरात अवरेकाईच्या शेंगा येतात, त्यांचे दाणे भिजवून एकेक दाणा चिमटीत दाबून सोलायचा आणि त्याचं घट्ट सारू करायचं, हे आई इथं येऊन शिकली होती. ते सोलायला आत्या बसली की आई तिला उठवायची. "तुमची बोटं सरकारी आहेत आता," असं म्हणायची आणि परात माझ्यापुढं सरकवायची. माझी बोटं कुणाचीच नव्हती.

आता मशीन बिघडलं कसं ते सांगायला हवं, आणि त्यासाठी थोडं मागं, खंडेनवमीला जायला हवं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची हे निपाणीलाही होतं, पण बंगळुरात त्याला जो ऊत येतो तो मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. बसला केळीचे खुंट, सायकलला झेंडूची माळ, चौकाचौकात कुंकू भरून फोडलेले कोहळे. अण्णांच्या कारखान्यात लेथला हार घालत. आमच्या घरी पाटावर विळी, अडकित्ता, अण्णांची मापं, माझी कंपासपेटी, शिवणाचं आणि मशीन. रीत अशी की ज्याचं हत्यार त्यानं त्याला कुंकू लावायचं. अण्णांनी मापांना लावलं, मी कर्कटकाला लावलं, आईनं विळीला लावलं. मशीन राहिलं. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत उभी होती. विधवेनं कुंकवाला बोट लावायचं नाही, हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. बोलायची गरजच पडली नव्हती.

आईनं आत्याकडे पाहिलं नाही. तिनं मशीन आपल्याकडे ओढलं. लोखंडाची वस्तू पूजेआधी तेलानं माखायची, ही तिच्या माहेरची पद्धत. विळीला शेंगतेल चालतं, पण ही सरस्वती, हिला खाण्याचं तेल कसं घालायचं, म्हणून तिनं अण्णांच्या डोक्याचं चांगलं मंगळूरचं खोबरेल घेतलं आणि मशीनला न्हाऊ घातलं. वरून, बाजूनं, जिथून जिथून आत जाईल तिथून. मग ओलं कुंकू घेऊन एकेका बटणाला बोट लावलं, सुटं कुंकू मधल्या खाचांवर सोडलं, आणि शेवटी दोन्ही मुठींनी अक्षता वाहिल्या. आपल्या विळीला तिनं एकच बोट लावलं होतं. मशीनला दोन माणसांची पूजा मिळाली, आणि आत्या उंबऱ्यातून ती बघत होती. ती हसत होती, हे मला आजही दिसतं.

पुढं बरेच दिवस काही झालं नाही. मशीन थोडं लालसर छापायचं, तेवढंच. मग मार्गशीर्षातली थंडी पडली आणि सकाळी मशीन चालेनासं झालं. ज्यांनी टाइपरायटर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: बटण दाबलं की आतून त्या अक्षराची एक लोखंडी काडी उठते, रिबिनीवर डोकं आपटते आणि परत आपल्या जागी जाऊन बसते. आमच्या काड्या उठायच्या आणि तिथंच उभ्या राहायच्या, समारंभाला आलेल्या आणि कुणी बसा न म्हटलेल्या पाहुण्यांसारख्या. दुसरं बटण दाबलं की दुसरी काडी पहिलीवर जाऊन अडकायची. मधली अक्षरं सगळ्यात वाईट होती. एम तर दाबलाच जात नव्हता. आणि गंमत म्हणजे दुपारी दोनच्या सुमाराला, खिडकीतून ऊन आलं की, एम सोडून बाकीचं सगळं आपोआप सुरळीत चालायचं.

माझा नातू हल्ली आमच्या हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप घेऊन बसतो. परवा त्याच्या कीबोर्डवरची काही बटणं लागेनाशी झाली. मी विचारलं, "यात कुणी काही सांडलं का?" तो म्हणाला, "आजी, सॉफ्टवेअर अपडेट करायला लागेल." संध्याकाळी त्यातून फरसाणची शेव निघाली. यंत्राचा दोष वर शोधू नये, आत शोधावा, एवढं ज्ञान मला वयाच्या पंधराव्या वर्षी मिळालं आणि त्याच्यावर मी पुढं आयुष्यभर उपकरणं तपासायची नोकरी केली.

अण्णांनी मशीनची तपासणी रविवारी केली. कारखान्यातून त्यांनी सूक्ष्ममापक आणलं होतं. त्यांनी काड्यांची जाडी मोजली, स्प्रिंगांचा ताण पाहिला, मशीनखाली आरसा धरून पोट पाहिलं, आणि निर्णय दिला की मशीन मापात आहे. आत्या म्हणाली, "पण अण्णा, 'जी' वर जातो तो खाली येत नाही." अण्णा म्हणाले, "यायला हवा." त्यांच्या दृष्टीनं प्रश्न तिथं संपला होता. अव्हेन्यू रोडच्या दुरुस्तीवाल्याकडं परीक्षेच्या हंगामामुळं मशिनांची रांग लागली होती. परीक्षा झाल्यावर घेऊन या, असं तो म्हणाला. आणि परीक्षेला मशीन ज्याचं त्यानं न्यायचं, असा तेव्हाचा नियम. मूर्तीमास्तरांची सगळी मशिनं आधीच्या मुलांनी सांगून ठेवली होती. मास्तरांनी एकदा आत्याला आमचंच मशीन क्लासमध्ये आणायला लावलं, कारण परीक्षा सकाळी आठला होती आणि त्यांना सकाळचा वेग बघायचा होता. आम्ही मशीन नेलं. आत्यानं पहिला परिच्छेद बरा केला, दुसऱ्यात काड्या उभ्या राहायला लागल्या, तिसऱ्यात सगळं थांबलं. मास्तरांनी पट्टी खाली ठेवली. "मिशीन मलगिदे," ते म्हणाले, म्हणजे मशीन झोपलंय. मग म्हणाले, "इदु आगल्ला अम्मा." हे काही जमायचं नाही. घरी येताना आत्या समोर बघत राहिली. मला वाटलं ती निपाणीचं स्वयंपाकघर बघतेय. बहुतेक बघतच होती.

दोन-तीन दिवसांनी पहाटे मला जाग आली ती खोबऱ्याच्या वासानं. गोकुळाष्टमी नव्हती, दिवाळी होऊन गेली होती, म्हणून उठून बघायला गेले. न्हाणीघरात बंब पेटला होता. त्याच्या तोंडासमोर पाटावर मशीन ठेवलेलं, आणि आत्या उकिडवी बसून त्याला शेकत होती.

"दार लाव," ती म्हणाली. "वारा लागतो त्याला."

मी दार लावलं. "आत्या, हे काय?"

"खोबरेल आहे आत. थंडीत गोठतं. शेकलं की पातळ होतं, मग थोडा वेळ चालतं."

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. वासावरून कळतं की."

"मग रॉकेलनं धुऊन टाकू या. अण्णा कारखान्यात सगळं रॉकेलनंच धुतात."

"धुवायचं नाही," आत्या म्हणाली. तिनं भाकरी उलटावी तसं मशीन दुसऱ्या अंगावर फिरवलं. "आत कुंकू आहे."

"मग?"

ती इतक्या साध्या आवाजात बोलली की जणू दळण आणायला सांगतेय. "हे गेले त्या दिवशी बायकांनी माझं कुंकू पुसलं. ओल्या फडक्यानं. त्यानंतर माझ्या कुठल्याही वस्तूला कुंकवाचं बोट लागलं नाही. दुसऱ्यांच्या हळदीकुंकवाची ताटं मी भरून द्यायची, एवढंच. वहिनींनी लावलं. एकेका बटणाला लावलं. ते मी आता परत फडक्यानं पुसू?"

"पण परीक्षा?"

"परीक्षेचं बघू. आणि वहिनींना यातलं काही सांगायचं नाही. त्यांनी चांगल्या मनानं घातलंय तेल."

इथं मला रडू आलं असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर मला राग आला. परीक्षेच्या हॉलमध्ये बंब कुठून आणणार होती ती? एका लाल चिखलापायी ही बाई जन्मभर दुसऱ्याच्या पंगती वाढत बसणार, आणि ताकास तूर लागू देणार नाही. कुंकवाचं ते दुःख मला तेव्हा कळलं नाही. नवरा जिवंत असेपर्यंत बाईला ते कळत नाही, आणि मी तर शाळेत होते. मी तिला काहीतरी वेडंवाकडं बोलणार होते, तेवढ्यात दार उघडलं आणि आई आत आली.

तिच्या हातात अण्णांच्या तेलाची बाटली होती. थंडीत खोबरेल गोठलं की ती बाटली बंबाशेजारी ठेवायची, हा तिचा दर हिवाळ्याचा परिपाठ. बाहेर अण्णा उघड्या डोक्यानं उभे होते. आईनं बंब पाहिला, मशीन पाहिलं, मग हातातली बाटली पाहिली. बाटली उलटी धरली तरी तेल हललं नाही. आपल्याला गणित येत नाही असं आई नेहमी म्हणायची, पण हे तिनं उभ्या उभ्या सोडवलं.

"वन्सं, किती दिवस चाललंय हे?"

"थंडी पडल्यापासून," आत्या म्हणाली.

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"ते आता वाटलंच आहे." आई खाली बसली. "तेल माझं, हौस माझी, आणि अडलं तुमचं. अति तिथं माती म्हणतात ते काही उगीच नाही. धुऊन काढू या की मग."

आत्यानं मशीन जवळ ओढलं. मग मी बोलले. आत्यानं नको सांगितलं होतं तरी बोलले, आणि सगळं बोलले. फडक्यासकट. आत्या बंबाकडं बघत राहिली. बाहेरून अण्णांनी विचारलं, "तेल मिळेल का?" आई म्हणाली, "जरा थांबा." आणि आमच्या घरात अण्णांना जरा थांबा म्हणण्याची ती पहिलीच वेळ असल्यामुळं ते खरोखर थांबले.

आईनं बाटली मांडीवर ठेवली. मग तिनं विचारलं, "वन्सं, दसऱ्याला सकाळी मी हत्यारांची उत्तरपूजा केली. विळीची केली, यांच्या मापांची केली. मशीनची केली का हो मी?"

आत्यानं आठवून पाहिलं. "नाही. मी आधीच मशीन उचलून टाईप करायला बसले होते."

"बघा. म्हणजे पूजेला बसवलेला देव आपण उठवलाच नाही. त्याला अक्षता टाकून निरोप द्यायचा असतो. तो अजून आत बसलाय आणि तुम्ही त्याला रोज कुटताय. मशीन चालेल कसं?" ती उठली, बाटली बंबाशेजारी ठेवली. "आधी उत्तरपूजा करू. मग आतून जे निघेल ते निर्माल्य. निर्माल्य कुणी पुसत नाही, वन्सं. ते हातानं उचलून तुळशीत घालायचं असतं."

आईचा यावर खरोखर विश्वास होता, की आत्यासाठी तिनं हे तिथल्या तिथं जुळवलं, हे मला आजवर कळलेलं नाही. पुढं एकदा मी तिला विचारलंही. ती म्हणाली, "उत्तरपूजा राहिली होती हे तर खरं ना?"

पुढच्या रविवारी उत्तरपूजा झाली. सगळं यथासांग. फूल, दहीपोह्यांचा नैवेद्य, उदबत्ती. आईनं अक्षता घेतल्या आणि हात मशीनच्या वर नेला तेव्हा अण्णांनी तो हात धरला. "वरून नको," ते म्हणाले, "बाजूला टाक." संपूर्ण विधीत ते तेवढंच बोलले. आईनं अक्षता बाजूला टाकल्या, मशीन उत्तरेकडं जरासं हलवलं, आणि आम्ही ते उघडायला घेतलं.

केळीचं पान पसरलं. काड्या ज्या अर्धगोलात बसतात तिथल्या बारीक खाचांत तेल, कुंकू, धूळ आणि रिबिनीची शाई यांचा मेणासारखा थर धरला होता. माझ्या केसातला आकडा नेमका त्या खाचेत जात होता, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. आकड्यानं मी तो थर काढायची आणि आत्या तो आपल्या बोटावर घेऊन पानावर ठेवायची. फडकं तिनं हातात घेतलं नाही. हळूहळू तिच्या बोटांची टोकं लाल झाली. तिनं ती मध्ये मध्ये उजेडात धरून पाहिली, आणि आई आपण ते पाहिलं असं दाखवत नव्हती. एमच्या बटणाखाली अक्षतांचे तांदूळ निघाले, फुगलेले. अण्णांनी त्यातला एक सूक्ष्ममापकात धरून पाहिला आणि मग प्रथमच मान्य केलं की यामुळं बटण अडू शकतं. पान तुळशीत रिकामं केल्यावरच रॉकेल आलं. अण्णांच्या दाढीच्या जुन्या ब्रशनं आम्ही काड्या धुतल्या, उन्हात वाळवल्या, आणि शिवणाच्या मशीनचं पातळ तेल काडीच्या टोकानं थेंब थेंब सोडलं. ते सोडताना आईला कुणी पुढं येऊ दिलं नाही. उरलेलं रॉकेल मागच्या पपईच्या बुंध्याशी ओतलं. तुळस जगली, पपई गेली.

मग आत्या बसली. तिनं 'जी' दाबला. काडी उठली, आपटली आणि परत बसली, इतक्या लवकर की मला ती उठलेली दिसलीच नाही. तो दिवस माझ्या आयुष्यातला फार आनंदाचा दिवस होता. लग्न, मूल, बढती, सगळं नंतर झालं आणि चांगलंच झालं, पण बिघडलेलं काही माझ्या हातानं चालू झालं, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

परीक्षा बसवनगुडीच्या एका शाळेत होती. जटका पहाटेच आला. मशीन मांडीवर घेऊन आत्या मागं, तिच्या शेजारी मी, पुढं अण्णा. शहरभर धुकं होतं आणि घोड्याच्या नाकातून वाफ निघत होती. आत्यानं मशीनवरून शाल काढून स्वतःला घेतली. आता त्याला गरज नाही, असं ती म्हणाली. आठला घंटा झाली आणि आतून एकदम गारा पडल्यासारखा आवाज सुरू झाला. आम्ही बाहेर झाडाखाली उभे होतो. त्या आवाजातून आपलं मशीन वेगळं ऐकू येतं का म्हणून मी कान लावून उभी राहिले. ते शक्य नव्हतं. अण्णा घड्याळाकडं बघत होते आणि संक्रांत किती जवळ आलीय हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ते मला म्हणाले, "मी उगीच शब्द दिला." अण्णांनी आपला शिक्का चुकला असं म्हटल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.

आत्या बाहेर आली. अण्णांनी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "सगळी अक्षरं उठली."

"आणि बसली?" अण्णांनी विचारलं.

"बसली."

संक्रांतीला दीर तिळगूळ घेऊन आले, तेव्हा निकाल लागला नव्हता. ते दोन दिवस राहिले. मशीनकडं त्यांनी बरंच लक्षपूर्वक पाहिलं आणि त्यावर आपलं नाव निघेल का असं विचारलं. आत्यानं त्यांचं नाव टाईप करून दिलं. ते त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "अण्णासाहेब, निकाल लागू द्या. शब्द म्हणजे शब्द." निकाल लागला, आत्या पास झाली, संस्थेनं तिला घेतलं. दिरांनी स्वयंपाकाला एक बाई ठेवली. तिच्या आमटीविषयी ते पुढं कायम तक्रार करत, पण आत्याविषयी त्यांनी कधी वाकडा शब्द काढला नाही.

आत्या रोज सकाळी पांढरं पातळ नेसून, डबा घेऊन संस्थेत जायची. पुन्हा खंडेनवमी आली. सरकारी कचेऱ्यांतही तेव्हा त्या दिवशी पूजा व्हायची. संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आई चुलीपाशी होती.

"वहिनी," आत्या म्हणाली, "आमच्याकडं सगळ्या मशिनांची पूजा होती. शिपाई कुंकवाचं ताट घेऊन एकेकापुढं आला. ज्याचं मशीन त्यानं लावायचं. माझ्यापुढं आला."

आई वळली नाही. "मग?"

"मी लावलं."

चुलीवर भात होता. आईनं त्याचं झाकण काढलं, परत ठेवलं. "तेल?"

"नाही घातलं."

"बरं केलंत," आई म्हणाली.

थोड्या वेळानं पानं मांडली. आमच्या घरात हात धुतल्याशिवाय पानावर बसायची कुणाची छाती नव्हती. अण्णांनासुद्धा आई मोरीवर परत पाठवायची. आत्या आली आणि तशीच बसली. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला कुंकू होतं, कचेरीतल्या पूजेचं, वाळलेलं. आईनं ते पाहिलं. मग तिनं त्याच पानावर पहिला भात वाढला.